ताटांची पाठराखीण

गावातल्या एकोणचाळीस सोयरिकींना नर्मदाबाई हजर होत्या आणि एकोणचाळीसही त्यांनी चुलीपाशी बसून पाहिल्या. त्यांना आवतण कुणी दिलं नव्हतं. आवतण ताटांना होतं. नर्मदाबाई ताटांच्या मागून गेल्या. नवरीबरोबर सासरी पाठराखीण जाते, तशी ही ताटांची पाठराखीण. फरक एवढाच, की नवरीच्या पाठराखणीला निदान चोळीचा खण तरी मिळतो.

ताटं चांदीची, पाच. व्यंकटरावांच्या वडिलांनी निजामाच्या काळात हैदराबादेहून आणलेली. कडेनं द्राक्षांची वेल, वेलीत मोर, प्रत्येक ताटाला तीन वाट्या आणि एक पेला. एकूण नग पंचवीस. चुडाव्याच्या पलीकडच्या त्या दीडशे उंबऱ्यांच्या गावात एवढी चांदी दुसऱ्या घरी नाही, आणि ही गोष्ट गावाला विसरू द्यायची नाही हा व्यंकटरावांचा जन्माचा उद्योग. चाळीस एकर जमीन होती, त्यातली निम्मी वाटण्यांत गेली, एकुलता मुलगा भागवत नांदेडला नोकरीत रमला. पण ताटं होती तिथंच होती. म्हणून मग कुणाच्याही घरी पोरगी पाहायला पाहुणे यायचे म्हटले, की व्यंकटराव स्वतःहून म्हणायचे, "ताटं न्या की आमची! पाहुण्याला काय स्टीलमदी जेवू घालता?"

न्या की म्हणायला काय जातं? जीभ उचलली आणि टाळ्याला लावली. ताटं काढायची कुणी, तर नर्मदाबाईंनी. रिठ्याच्या पाण्यात बुडवून, दंतमंजन लावून, वेलीच्या पानापानातला काळा मळ जुन्या ब्रशनं कोरून काढायचा कुणी, तर नर्मदाबाईंनी. मोजून न्यायची, मोजून आणायची, आणि मधल्या वेळात दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून डोळ्यांत तेल घालून राखायची, तीही त्यांनीच. एकदा एका घरी पंचविसाचे चोवीस नग भरले. शेवटची वाटी म्हशीच्या आंबोणात सापडली, तोवर नर्मदाबाईंची पाचावर धारण बसली होती. सुनेनं फोनवर एकदा सुचवलं, "आई, बँकेत लॉकर असतं, ठेवून टाका." व्यंकटराव आठ दिवस सुनेशी बोलले नाहीत. लॉकरमध्ये ठेवलेली चांदी कोण पाहणार?

पाच ताटांचा क्रमही ठरलेला. पहिलं मुलाच्या बापाला, दुसरं मामाला, तिसरं चुलत्याला, चौथं मध्यस्थाला, पाचवं नवरदेवाला. सहावा पाहुणा स्टीलमध्ये जेवायचा आणि मरेपर्यंत ते लक्षात ठेवायचा. अशा एका सहाव्यानं एक ठरत आलेली सोयरीक जागच्या जागी मोडली होती. जावई शेतकरी, पोरगी देखणी, सगळं जुळलेलं. पण धाकट्या चुलत्याच्या पुढं स्टीलचं ताट आलं आणि त्याला पोरीचा रंग सावळा वाटायला लागला. नर्मदाबाईंना त्या दिवशी पाचही ताटं गोदावरीत नेऊन सोडावीशी वाटली होती. अजूनही अधूनमधून वाटतं.

पण खरी कटकट पुढंच आहे.

पंधरा वर्षांपूर्वी व्यंकटराव अडीच वर्षं सरपंच होते. त्या भरात त्यांनी परभणीच्या बाजारात नेऊन ताटांवर नाव घातलं. भांड्यावर नाव सगळेच घालतात, त्यात वावगं काही नाही. लोक कडेला घालतात, पाठीमागं घालतात. मशीनवाल्यानं विचारलंही. व्यंकटराव म्हणाले, "मधोमध घाल. जेवणाऱ्याला दिसलं पायजे." आणि मग पाचही ताटांच्या पोटात बोटभर उंचीच्या अक्षरांत कोरलं गेलं: श्री. व्यंकटराव बापूराव, सरपंच. पुढच्या निवडणुकीत ते पडले. ताटांवरचे सरपंच मात्र अजून पदावर आहेत.

आता उसनी ताटं आणणाऱ्या घराची पंचाईत बघा. पाहुणा जेवतो आहे, वरण-भात सरतो आहे, आणि खालून हळूहळू दुसऱ्याचं नाव वर येतं आहे! गावातल्या बायका काय कमी हुशार? त्यांनी यावर तोड काढली. ताटाचा तळ दिसू द्यायचाच नाही. पाहुण्यानं दोन घास घेतले, की वर चार घासांचा भात. पोळी संपायच्या आत दुसरी पोळी. पाहुणा नको नको म्हणून ताटावर आडवा हात धरतो, तर हाताच्या खालून भजी सरकवायची. बाहेर या गावाची कीर्ती झाली, की काय आग्रह करतात हो! आग्रह कुठला, ते नाव झाकणं चाललेलं असतं. पूर्णेचे एक म्हातारे पाहुणे इथून उठून थेट दवाखान्यात गेले होते.

आणि इकडं नर्मदाबाई ताटं घेऊन घरी आल्या, की ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या व्यंकटरावांचा पहिला प्रश्न, "वाचलं का कुणी नाव?"

सोयरीक जमली का, पोरगी पसंत पडली का, काही नाही. वाचलं का कुणी नाव!

"वाचलं," नर्मदाबाई म्हणायच्या. नाही म्हटलं तर पुढचा तास कोणी काय वाढलं याची उलटतपासणी चालायची. वाचलं म्हटलं की सुटका.

हे सगळं अडतीस वर्षं चाललं. नाव घातल्यापासूनची पंधरा जरा जास्तच जड गेली. आता नर्मदाबाईंनी छप्पन्न ओलांडली, गुडघे कुरकुर करतात, आणि उन्हाळ्यात लग्नसराई आली की त्यांना ताप आल्यासारखं होतं.

या वैशाखात धुरपदाबाई आली.

धुरपदाबाई आणि राधाकिशन, दोन एकर कोरडवाहू. दिवाळी झाली की कोयते बांधून ऊसतोडीला जायचं, चैत्रात परत यायचं. त्यांची थोरली ज्ञानेश्वरी आजीजवळ राहून शिकली, नर्सिंगचा कोर्स केला, आता परभणीत एका दवाखान्यात नोकरीला होती. सोनपेठचं स्थळ आलं होतं. मुलगा योगीराज, औषधाचं दुकान. दवाखान्यातच दोघांची ओळख झालेली, फोनवर बोलणं झालेलं. पोरीच्या मनात मुलगा भरला होता. रविवारी मुलाकडची पाच माणसं रीतसर बघायला यायची होती.

धुरपदाबाई ओसरीच्या पायरीवरच बसली, वर आली नाही. "मालक, रईवारी ताटं भेटली तर लय उपकार व्हतील."

व्यंकटरावांनी अडकित्ता खाली ठेवला. जमीनवाल्याला 'न्या की' म्हणायला त्यांना श्वास पुरायचा नाही. इथं मात्र त्यांनी आभाळाकडं पाहिलं, अंगणाकडं पाहिलं, आणि म्हणाले, "ताटं पॉलिशला टाकायचीत. बगू."

'बगू' म्हणजे नाही. हे धुरपदाबाईला कळलं, नर्मदाबाईंना कळलं, अंगणातल्या कोंबडीलाही कळलं असेल. धुरपदाबाई उठली, पदर सारखा केला आणि गेली. नर्मदाबाई मागच्या दारानं निघून तिला गल्लीच्या वळणावर गाठायला धावल्या. गुडघ्यांनी शिव्या दिल्या.

"अगं, थांब जरा. स्टीलमदी जेवू घाल त्यास्नी. काय व्हतंय? मी तर म्हणते सुटलीस."

"आक्का, मला का हौस हाय व्हय चांदीची?" धुरपदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाजात राग होता. "मध्यस्थानं त्यास्नी आदीच सांगून ठिवलंय, की ह्या गावात पाहुणा चांदीच्या ताटात जेवतो म्हणून. आता न्हाई दिसली, तर ते इचारणारच की, समद्यांकडं हायत आन् ह्यांच्याकडंच कामून न्हाईत? ह्यांच्यात काय खोट हाय का? पोरगी परभणीत एकली ऱ्हाती, रातपाळी करती. लोकं आदीच कुजबुजायलेत. मग खोट कुटं हुडकत्याल, सांगा."

नर्मदाबाईंनी कपाळाला हात लावला. अडतीस वर्षं ज्या ताटांच्या नावानं त्या बोटं मोडत आल्या, ती ताटं आता या पोरीच्या चारित्र्याचा दाखला होऊन बसली होती. दिली तर पोरगी चांगली, नाही दिली तर वाईट. म्हणजे ज्याचा आयुष्यभर वीट आला तेच आता नवऱ्याकडं पदर पसरून मागायचं! याला काय म्हणावं?

आणि मागायलाच हवं होतं. तीन वर्षांपूर्वी सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. पाठीला जखमा झाल्या. घरातली माणसं नाकाला पदर लावून दारातूनच विचारपूस करायची. नर्मदाबाई एकट्या किती पुरणार? तेव्हा ज्ञानेश्वरी शेवटच्या वर्षाला होती, महिनाभर गावी आलेली. रोज दोनदा यायची. म्हातारीला कुशीवर वळवून जखमा धुवायची, औषध लावायची, वर थट्टा करून हसवायची. सासूबाई शेवटी शेवटी आपल्या लेकालाही ओळखत नव्हत्या, पण त्या पोरीचा आवाज ओळखायच्या.

संध्याकाळी चुलीपुढं नर्मदाबाईंनी विषय काढला.

"द्या की हो ताटं. पोरीनं तुमच्या आईचं केलंय."

"केलंय, मी न्हाई कवा म्हणलं?" व्यंकटराव म्हणाले. "पण आज ऊसतोड्याच्या घरी गेली, तर उद्या कोण बी उठंल आन् मागंल. ताटाची काय किंमत ऱ्हाईल?"

"म्हणजे तुमच्या आईच्या पाठीला हात लावल्यानं तिचा हात चालला, आन् ताटाला लावल्यानं चालत न्हाई?"

"तुला कळत न्हाई त्यातलं."

अडतीस वर्षं त्या पंचवीस नगांची नस न् नस ओळखणाऱ्या बाईला त्यातलं कळत नाही! नर्मदाबाईंनी भाकरी तव्यावर अशी आपटली की तिला मधोमध चीर गेली. पुढचे तीन दिवस त्यांनी गोडीनं सांगितलं, रागानं सांगितलं, अबोला धरला. व्यंकटराव ढिम्म. आधी पॉलिश, मग कुलपाची किल्ली सापडत नाही, मग ग्रहमान. किल्ली नर्मदाबाईंच्या कमरेलाच होती.

रविवारी व्यंकटरावांना पूर्णेला जायचं होतं, साडूच्या रेल्वेतल्या निवृत्तीचा कार्यक्रम. कडक इस्त्रीचं धोतर नेसून ते सकाळच्या गाडीनं गेले. नर्मदाबाईंनी दाराला कडी घातली, कपाट उघडलं आणि पहिल्यांदाच कुणाला न विचारता ताटं बाहेर काढली. चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि आपल्याच घरातल्या भांड्यांची चोरी कशी होईल, म्हणून स्वतःचाच राग येत होता. दोन पिशव्या भरल्या, वर कोथिंबिरीची जुडी पसरली आणि निघाल्या.

ज्ञानेश्वरीनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काकू, कशाला आणली ही? मी नोकरी करते, मला पगार आहे. त्यांना मी पसंत असेन तर स्टीलमध्येही पसंत पडेन."

"बाई गं, तुझं खरं हाय," नर्मदाबाई म्हणाल्या. "पर खरं असून चालत न्हाई ना. हो बाजूला, वाट्या मांडू दे."

पाहुणे अकराला येणार होते. बारा वाजले, एक वाजला. पुरण सुकायला लागलं, आमटी तीनदा गरम झाली. सोनपेठहून जीप निघालीच उशिरा, वर वाटेत टायर बसलं. आले तेव्हा साडेतीन वाजले होते आणि नर्मदाबाई भीतीनं दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होत्या. पाचच्या गाडीनं व्यंकटराव चुडाव्याच्या स्टेशनवर उतरणार होते.

हातपाय धुणं, चहापाणी, ओळखीपाळखी होईतो तास गेला, मग पंगत बसली. मुलाचे वडील सिताराम, अंगानं काटकुळे, डोक्याला पांढरी टोपी. ताटाकडं पाहून त्यांनी मान हलवली, मामाकडं पाहिलं. मामानंही मान हलवली. धुरपदाबाईचा जीव भांड्यात पडला. नर्मदाबाई आतून बारीक आवाजात हुकूम सोडत होत्या, "मामाला भात. नवरदेवाला पोळी. अगं, मध्यस्थाकडं बग, नावाचा 'श्री' दिसायलाय!"

चौघांचं ठीक चाललं होतं. चौघांनी खाऊन खाऊन हात टेकले, ताटात ढीग तसेच ठेवले. पण सिताराम हे अवघड माणूस निघाले. ते सावकाश, खाली मान घालून जेवत होते, आणि वाढलेलं सगळं खात होते. भात वाढला, खाल्ला. पोळी वाढली, खाल्ली. भजी, कुरडई, पुन्हा भात. नको म्हणत नव्हते, टाकतही नव्हते. अर्धा तास झाला. पातेल्याचा तळ दिसायला लागला आणि ताटाचाही. धुरपदाबाई आत येऊन हवालदिल चेहऱ्यानं म्हणाली, "आक्का, सरलं सगळं."

"सरलं कसं? इतकं काटकुळं मानूस!"

बाहेर सितारामांनी पोळीच्या शेवटच्या तुकड्यानं ताट कडेपासून मधोमध स्वच्छ पुसलं, तुकडा तोंडात टाकला आणि खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"श्री. व्यंकटराव बापूराव, सरपंच," त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग राधाकिशनकडं पाहिलं. "ह्ये कोण?"

राधाकिशननं आत धुरपदाबाईकडं पाहिलं. मामानं लगेच आपल्या ताटातला भात बोटानं बाजूला सारून पाहिला. मध्यस्थ छताकडं बघायला लागला. ज्ञानेश्वरी दारात उभी होती. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला, पण मान खाली गेली नाही.

"ताटं उसनी आणली काय?" मामा म्हणाला. "आन् मग हे सरपंच कुटं हायत? ताटं देत्यात, आन् स्वतः येत न्हाईत?"

एकोणचाळीस सोयरिकींत नर्मदाबाईंनी उंबरा ओलांडला नव्हता. आता त्या उठल्या, हात पदराला पुसले आणि बाहेर येऊन उभ्या राहिल्या. भीती कुठं गेली कोण जाणे. राग तेवढा उरला होता.

"व्यंकटराव माझे मालक," त्या म्हणाल्या. "त्यांनी ताटं दिली न्हाईत. मी आणली, त्यास्नी न इचारता. ऊसतोड्याच्या घरी द्यायची न्हाईत म्हणले. तुमी इचारलं म्हणून खरं ते सांगितलं. ताटं उसनी हायत. पोरगी उसनी न्हाई."

थांबावं असं नर्मदाबाईंच्या मनात आलं, पण तोंड थांबेना.

"माझी सासू चार म्हयने पडून व्हती. पाठ सडली व्हती तिची. पोटची लेकरं दारातून बगून जायची. ह्या पोरीनं म्हयनाभर तिला धुतली. जाताना मी तिला चहा द्यायची. कशात द्यायची ठावं हाय? स्टीलच्या कपात, ओसरीच्या पायरीवर. कपाटात पाच पेले व्हते चांदीचे. गावातल्या समद्या सोयऱ्यास्नी त्यात पाणी पाजलं मी, तालुक्याच्या सायबास्नी पाजलं, आन् हिला पायरीवर बसवलं. ती कवा काय बोलली न्हाई. मला सुदिक त्याचं कवा काय वाटलं न्हाई. आज वाटायलंय. मला लाज वाटायलीय. तुमाला पोरगी करायची तर करा, नसंल करायची तर नका करू. पर ह्या ताटावरून ठरवू नका. ताटावरून मानूस कळत असतं, तर मला माझ्या घरातलंच कळलं असतं."

आणि नेमके याच वेळी व्यंकटराव दारात हजर झाले. स्टेशनवरून घरी आले, कपाट उघडं पाहिलं, शेजारच्या पंचफुलानं आपणहून सगळं सांगितलं. तापलेल्या तव्यासारखे आले होते. "कुणाला इचारून," एवढंच तोंडातून निघालं होतं, तेवढ्यात सितारामांनी उष्ट्या हातानंच ताट उचलून त्यांच्याकडं वळवलं.

"तुमीच का व्यंकटराव? आत्ताच नाव वाचलं तुमचं."

व्यंकटराव जागच्या जागी थांबले. "वाचलं?"

"वाचलं की. लय ठसठशीत हाय."

बघता बघता तवा निवला. व्यंकटरावांनी टोपी सारखी केली, आत आले, आणि कुणी बसा म्हणायच्या आत बसले. "आपलीच पोरगी हाय," ते म्हणाले. "म्हणलं, कार्यक्रम उरकून जातीनं जावं. ताटं पुढं पाठवली व्हती."

नर्मदाबाईंनी डोळे मिटून घेतले. हा माणूस! धुरपदाबाईनं त्यांच्यापुढं जेवण आणून ठेवलं. चांदीची पाचही ताटं अडकलेली, म्हणून स्टीलच्या ताटात, पातेलं खरवडून निघालेला भात. व्यंकटरावांनी ताटाकडं पाहिलं, पाहुण्यांकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं कालवायला घेतलं.

सिताराम हात धुऊन परत येऊन बसले. "बारा वरसं मी बी कोयता धरलाय," ते राधाकिशनला म्हणाले. "म्हणून ताटात काय टाकायची सवय न्हाई मला. चांदी बगून मी आदी जरा बिचकलोच व्हतो, की एवढ्या मोठ्या घरची पोरगी आपल्यात कशी नांदंल?" मामा काहीतरी पुटपुटला, त्यांनी हातानं त्याला गप्प केलं. मग व्यंकटरावांकडं वळले. "नाव तुमचं वाचलं, मालक. पर शब्द ह्या बाईंचा धरला. आमाला पोरगी पसंत हाय. पोरीला इचारा, आमी पसंत हाव का."

ज्ञानेश्वरी हो म्हणाली. धुरपदाबाईनं आत जाऊन तोंडात पदर कोंबला आणि रडून घेतलं. नर्मदाबाई ताटं घासायला बसल्या, तर ज्ञानेश्वरीनं त्यांच्या हातातून ताट काढून घेतलं.

घरी जाताना व्यंकटराव पुढं चालत होते. सोयरीक जमली ती आपल्या ताटांमुळं, हे ते वळणावळणावर भेटेल त्याला सांगत होते. नर्मदाबाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मागं. सांगून उपयोग नव्हता. ऐकणाराही तोच, सांगणाराही तोच.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी पंचफुला आली. ओसरीवर व्यंकटराव होतेच. त्यांनी घसा खाकरला, "न्या की," म्हणायला तोंडही उघडलं. तिच्या धाकटीला बघायला बुधवारी पाहुणे यायचे होते. नर्मदाबाईंनी सुस्कारा सोडला आणि कमरेच्या किल्लीला हात घातला. पुन्हा रिठे, पुन्हा ब्रश, पुन्हा पंचवीस नग.

"ताटं ऱ्हाऊ द्या, आक्का," पंचफुला म्हणाली. "घरी स्टीलची हायत चांगली. तुमी या. पाहुण्यांसमोर बसायला कोणतरी पायजे, पोरीबद्दल दोन शब्द सांगायला."

व्यंकटरावांचं तोंड उघडंच राहिलं. नर्मदाबाईंच्या हातात किल्ली तशीच होती.

"आन् हे बगा," पंचफुला पायरी उतरता उतरता म्हणाली, "बाहेर बसायचंय, आत न्हाई. जरा चांगली साडी नेसून या."

ती गेल्यावर नर्मदाबाईंनी किल्ली परत कमरेला खोचली. मग आत गेल्या, कपड्यांची पेटी उघडली, एक साडी उलगडून पाहिली, दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. चुलीचा धूर न लागलेली एकही नव्हती. त्यांना इतका संताप आला, की त्यांनी तिथूनच मोठ्यानं हाक मारली, "अहो, ऐकलं का? उद्या परभणीला जायचंय. साडी घ्यायची हाय मला."